वाकडी शिवण

बायणाच्या किनाऱ्यावर कागदावर सही घेतली माझी:
दमा नाही, काळजाचा आजार नाही, काल दारू घेतलेली नाही.
तिसरं खोटं. एकच पेग, फेणीचा, तोही भीतीपायी.

फुर्तादची नात ऑलिंडा माझ्या पाठीवर टाकी बांधते.
हिच्या आजोबानं मला रॉड धरायला शिकवला,
ही मला श्वास घ्यायला शिकवते, एकसष्टाव्या वर्षी.
"नाक दाबून फुंकायचं, दर हातभर खाली गेल्यावर.
आणि श्वास धरून ठेवायचा नाही, अंकल."
"धरत नाय, बाये."

बार्ज काही फार मोठी नव्हती.
रासईच्या यार्डात बांधली आम्ही, चौदा महिन्यांत.
मग वीस वर्षं ती झुवारीतून तांबडी माती वाहत राहिली,
मग खाणी बंद पडल्या
आणि खाडीत उभ्या उभ्या ती स्वतःच तांबडी होत गेली.
शेवटी बुडवायचं ठरलं. माशांसाठी, म्हणाले.
तेल उपसलं, वायरी ओढून काढल्या
आणि दारं कापायला पुन्हा मलाच बोलावणं.
जिथे थेंब शिरू नये म्हणून रात्री जाळल्या
तिथेच माणूस जाईल एवढी भोकं पाडली मी,
अठरा, रोजंदारीवर.
तेराव्यापाशी गॅस संपला. नवा सिलिंडर येईस्तोवर
तिच्याच सावलीत बसून पाव-भाजी खाल्ली.
बोललो काही नाही.

दोरी धरून खाली.
पाणी पेजेसारखं. चार मीटर नुसता माझाच श्वास,
भात्यासारखा, कानात.
जन्मभर काळ्या काचेतून उजेड पाहिला,
आज पांढऱ्या काचेतून हे.
मग हिरव्यातून एक कड पुढे आली.
तिचं तोंड. डावीकडे जरा फुगलेलं.
तो फुगवटा ड्रॉइंगमध्ये नव्हता.

माझं सातवं भोक: पातळ चांदीच्या माशांची ये-जा,
कुणी कुणाला वाट विचारत नाही.
कडेला शिनाण्यांचे थर.
ग्राइंडर मारायचा कंटाळा केला होता जिथे
तिथे तर जास्तच चिकटलेत.
होल्डमध्ये, शेकडो टन माती मावायची तिथे,
एक गोबरो. एकटा. गलफडं हलवत बघतो,
गेटवरच्या मुकादमासारखा: कोण पाहिजे?

आत, नवव्या फ्रेमवर, वेल्डच्या मण्यांनी
मी माझी दोन अक्षरं काढली होती, कुणाला न सांगता.
हात पुढे केला. ऑलिंडानं मनगट धरलं,
बोट हलवलं: शिवायचं नाही.
कालवं आहेत तिथे. आता कालवंच आहेत.

आणि वळताना ती दिसली.
चवथीच्या आदल्या रात्री, घरी जायच्या घाईत मारलेली,
दोन पत्र्यांमधून धामणीसारखी गेलेली शिवण.
फोरमन आमोणकर म्हणाले होते,
"रोयदास, ही वर्षभर टिकली तर मिशी काढीन."
तिच्यावर नारिंगी स्पंज चढलाय,
मध्येच एक खेकडा बसलाय बोटभर,
पण पत्रे अजून एकमेकांना धरून आहेत.
आमोणकर गेले. मिशीसकट.

तोंडात रबर. सांगणार कसं, कुणाला.
मी अंगठा वर केला.

चाळीस वर्षं यार्डात अंगठा वर म्हणजे: जमलं.
इथे म्हणजे: वर चल.
सकाळीच शिकवलं होतं तिनं. विसरलो.
ऑलिंडानं मान हलवली, माझा दंड धरला
आणि हळू, फार हळू, बुडबुड्यांच्या मागून
मला वर नेलं.
खाली बघत राहिलो. तिची कड, मग नुसतं हिरवं,
मग पेज.

होडीत ऑलिंडानं मास्क कपाळावर सरकवला.
"काय झालं अंकल? इतकी हवा शिल्लक होती. कान दुखला?"
"हय," म्हटलं. "कान."
"कुठला?"
मी थोडा विचार केला.
"डावा."